एका खारीचा अध्यक्ष

९ सप्टेंबर

आजपासून 'कफर बल्लूत जंगली खार संरक्षण समिती' अस्तित्वात आली. अध्यक्ष मी. खजिनदार नजला. तिला अजून सांगितलेलं नाही. ती अक्रोड सोलत होती आणि तिचे हात काळे झाले होते. बायकोचे हात काळे असताना तिला पद देऊ नये.

बेरूतच्या विमा कंपनीतून रिटायर होऊन गावी आलो त्याला दोन वर्षं झाली. एवढ्या काळात गावाने माझा काहीही उपयोग करून घेतला नाही. नगरपालिकेच्या निवडणुकीत मला अकरा मतं पडली. आमच्या घराण्यातच मतदार सव्वीस आहेत. मी कुणाला विचारलं नाही. खारींना मतदानाचा हक्क नाही, त्यामुळे हे कार्य निःस्वार्थी आहे हे कुणालाही मान्य करावं लागेल.

संकल्प: रोज पहाटे जंगलात जायचं. खारींची रीतसर गणना करायची. आणि नजलाचा भाऊ मिलहेम याच्याशी स्पष्ट बोलायचं, कारण त्याच्याकडे मशीनची करवत आहे आणि हिवाळा जवळ येतोय.

१० सप्टेंबर

पहाटे गेलो नाही. खारी उन्हं वर आल्यावरच नीट हिंडतात असं वाचनात आलं. म्हणजे पहाटे जाणं अशास्त्रीय ठरलं असतं.

१२ सप्टेंबर

गणना पूर्ण. एकाच दुपारी. चर्चच्या वरच्या जंगलात चौदा खारी आढळल्या. एक अक्रोडावर, एक दगडी कुंपणावर, एक ओकचं फळ मातीत पुरताना, एक ते पुन्हा उकरून दुसरीकडे पुरताना, वगैरे.

सर्वांत महत्त्वाचं: चौदाच्या चौदा खारींचा डावा कान फाटलेला आहे. अशी नोंद जगात कुठेही सापडत नाही. आपल्या डोंगराची ही स्वतंत्र उपजात असावी. उपजातीला नाव लागतं. विनय आड येतो, पण माझ्या नावावरून 'फरीदी' हे उच्चारायला सोपं आहे.

नजलाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, एकच असेल ती.

म्हटलं, चौदा वेळा?

ती म्हणाली, चौदा वेळा तुम्ही पाहिलंत ना.

संख्याशास्त्र हा नजलाचा विषय नाही. युनिव्हर्सिटीला मेल केला.

२१ सप्टेंबर

युनिव्हर्सिटीतून डॉ. हाला शिदियाक आल्या. वय पस्तीसच्या आत, पायात मोठे बूट. माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मध्ये एकदाही हसल्या नाहीत. फाटक्या कानाबद्दल एवढंच म्हणाल्या, बघू या. शास्त्रज्ञ पटकन मत देत नाहीत.

झाडांना पाच कॅमेरे बांधले. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघतो. मी देखरेख केली. देखरेख करताना शिडीही धरली.

जेवायला नजलाने खिम्याचे किब्बे केले होते. त्या दोघी जेवणभर झाडांबद्दल बोलत होत्या. नजलाला या बाजूचं एकेक झाड माहीत आहे, तिच्या वडिलांची जमीन इथेच. मी उपजातीचा विषय त्यांच्या ड्रायव्हरला समजावून सांगितला. समजूतदार माणूस. जांभया फार देतो.

१९ ऑक्टोबर

कॅमेऱ्यांचा निकाल आला. जंगलात खार एकच आहे. मादी. कान कधीतरी मुंगसाने किंवा घुबडाने फाडला असावा.

याशिवाय लाल स्वेटर आणि टोपी घातलेल्या एका माणसाचे दोनशेच्या वर फोटो निघाले. तिसऱ्या कॅमेऱ्यात तो झोपलेला आहे.

चौदावरून एक. म्हणजे पाच आठवड्यांत त्र्याण्णव टक्के घट. मी अध्यक्ष झालो नसतो तर हे संकट कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

डॉ. हालांनी व्हरांड्यात बसून नीट समजावलं. पलीकडच्या वादी सफसाफच्या दरीत खारी अजून आहेत, बऱ्यापैकी. पण मध्ये खाण झाली, रस्ता झाला, डोंगर उघडा पडला. खार जमिनीवर उतरून एवढं अंतर गेली तर कुत्री तरी धरतात, नाहीतर गाडी. या दोन दऱ्यांना जोडणारी एकच गोष्ट उरली आहे. कड्यावरची जुन्या ओकची ओळ. त्यांच्या फांद्या एकमेकींना लागतात, त्यामुळे वरच्या वर जाता येतं. नर आला तर तिथूनच येईल.

ओळ मिलहेमच्या ताब्यात आहे.

"ओळ मधे तुटली तर ही इथेच एकटी म्हातारी होईल," डॉ. हाला म्हणाल्या. "मग या बाजूचं संपलं."

हे त्या इतक्या साध्या आवाजात म्हणाल्या की मला दुपारचं जेवण गेलं नाही. रात्रीचं गेलं.

२० ऑक्टोबर

उद्या मिलहेमला गाठायचं. भाषण तयार केलं. सुरुवात भावनिक, मध्ये आकडे, शेवटी कायदा. आरशासमोर म्हणून पाहिलं. कायद्याच्या भागात आवाज फार चांगला लागतो.

२१ ऑक्टोबर

पाऊस. असे विषय पावसात बोलायचे नसतात.

२४ ऑक्टोबर

गेलो. ओळीच्या खालच्या टोकाला मिलहेम काम करत होता. दोन ओक आधीच आडवे. मला बघून त्याने मशीन बंद केलं. म्हणाला, या दाजी, बरे आलात, हे टोक धरा.

धरलं. ओंडका अर्धवट कापलेला होता. तो तसाच सोडणं धोक्याचं ठरलं असतं.

मग त्याने जेवायला बसवलं. ऑलिव्ह, लबनेचं घट्ट दही, थोडी अरक. पहिल्या ग्लासानंतर मी विषय काढला. म्हटलं, मिलहेम, झाड म्हणजे काय?

तो म्हणाला, दाजी, झाड म्हणजे झाड. पण डिझेलचा भाव बघितलात का? गावातली निम्मी म्हातारी माणसं मागच्या थंडीत गोधडीत बसून होती. मी लाकूड नाही दिलं तर कोण देणार?

म्हटलं, हाही एक मुद्दा आहे.

निघताना त्याने माझ्या गाडीची डिकी ओंडक्यांनी भरली. ताईला थंडी सोसत नाही, म्हणाला. मी नको म्हणणार होतो. मग विचार केला, हा वृक्षतोडीचा प्रत्यक्ष पुरावा आहे. घराच्या मागे ताडपत्रीखाली ठेवला आहे.

२ नोव्हेंबर

एकदम गारठा. पुराव्यातले दोन ओंडके शेगडीत घातले. लहान होते. उरलेल्यांवरूनही गुन्हा सिद्ध होतो.

ओक फार छान जळतो. धूर नाही.

१५ नोव्हेंबर

जनजागृती. रविवारच्या प्रार्थनेनंतर अबूना बुलुस यांनी पाच मिनिटं दिली. फादर चांगले आहेत, पण माझ्या आधी त्यांनी हरवलेल्या बकरीची सूचना दिली आणि लोकांचं लक्ष बकरीकडेच राहिलं.

मी खार आणि जंगल यांचं नातं सांगितलं. पुरलेली सगळी फळं तिला सापडत नाहीत. जी विसरते त्यांची झाडं होतात. जंगल म्हणजे खारीचा विसरभोळेपणा. हे वाक्य माझं स्वतःचं आहे. कुणी लिहून घेतलं नाही.

शुक्री म्हातारा उठून म्हणाला, माझे पोतंभर अक्रोड गेले त्याचं काय?

म्हटलं, काका, खार एकच आहे.

म्हणाला, मग केवढी आहे ती?

म्हटलं, तुमच्या बांधावरचे निम्मे अक्रोड खारींनीच लावलेत.

म्हणाला, मग उरलेले निम्मे मी लावलेत, मला कोण संरक्षण देतंय?

सभा हसतखेळत पार पडली. नवीन सभासद: नाही.

३ डिसेंबर

पहिला बर्फ. सकाळी मिलहेम छोटा ट्रक घेऊन दारात. आणखी लाकूड. या वेळी ठाम नकार द्यायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी बूट घालत होतो. तेवढ्यात नजला शाल घेऊन बाहेर गेली. मी काचेतून पाहत होतो, ऐकू काही येत नव्हतं. ती थोडंच बोलली. मिलहेमने टोपी काढून डोकं खाजवलं, टोपी घातली आणि लाकूड न उतरवताच ट्रक वळवून गेला.

ऑक्टोबरमधल्या माझ्या बोलण्याचा हा परिणाम. माझ्या बोलण्याचा परिणाम नेहमीच सावकाश होतो. कंपनीतही लोकांना मी नंतर आठवत असे.

जेवताना नजला म्हणाली, मी सांगितलं त्याला. ओळीत माझाही हिस्सा आहे. बाबांची झाडं आहेत. जी दोन पाडलीस ती पाडलीस, आता हात लावायचा नाही. खाणीच्या बाजूचे वाळलेले पाइन तोड.

विचारलं, हे माझ्या मुद्द्यांच्या आधारे पटवलंस ना?

ती म्हणाली, मुद्दे नव्हते. नको म्हटलं.

मुद्दे आत मुरलेले असले की माणसाला ते मुद्दे आहेत हे कळत नाही.

२८ डिसेंबर

पाइनचं लाकूड आलं. बर्फाने भिजलेलं. खोलीत धूर, दोघांचे डोळे लाल. नजला कोट घालून स्वयंपाक करते. पुरावा पुरवून वापरतो आहे.

१४ जानेवारी

पुरावा संपला.

घरात पाणी गोठलं नाही एवढंच. नजलाला खोकला. रात्री उठून बसते. विचारलं तर म्हणते, काही नाही, झोपा.

१५ जानेवारी

मिलहेमकडे चालत गेलो. गाडी चालू होत नव्हती. ओळीच्या अगदी टोकाचा ओक शास्त्रीय दृष्ट्या ओळीत मोडतो का, याचा मी काल बराच विचार केला. तो जरा बाजूला आहे. त्याची एखादी मोठी फांदी काढली तर खारीला काही फरक पडू नये, असं मी त्याला म्हटलं.

मिलहेमने टोपी मागे सारली. म्हणाला, दाजी, ताईने नको म्हटलंय.

म्हटलं, ताईसाठीच.

म्हणाला, मग तर नाहीच. तिला कळलं तर ती मला उंबरा ओलांडू देणार नाही आणि तुम्हालाही. थांबा.

आत गेला आणि स्वतःच्या घरातलं कोरडं लाकूड काढलं. जुन्या ऑलिव्हचं होतं, माझ्या सासूबाईंच्या खोलीसाठी ठेवलेलं. म्हातारी आता नाही. पाठीवर घेऊन माझ्यासोबत बर्फातून आला. वाटेत मी घसरलो तेव्हा एका हाताने मलाही धरलं.

मी त्याची परीक्षा घेत होतो. तो पास झाला. नजलाला यातलं काही सांगण्यासारखं नाही.

२२ फेब्रुवारी

नजलाचा खोकला गेला. डॉ. हालांचा फोन. ओळीवरच्या कॅमेऱ्यात वादी सफसाफकडून एक नर येताना दिसला. दोन्ही कान शाबूत. उपजातीचा प्रश्न सध्या बाजूला ठेवला आहे.

दुपारी स्वतः जाऊन पाहिलं. दोघं एका ओकवरून दुसऱ्यावर, खोडाभोवती गोल गोल. ती पुढे, तो मागे. पोटाचा तांबूस रंग मधूनच उन्हात चमकतो. मान दुखेपर्यंत पाहत होतो. लिहायचं बरंच होतं, पण इथे बसल्यावर सुचत नाही.

६ एप्रिल

पिल्लं झाली. कड्यावरच्या सर्वांत जुन्या ओकच्या ढोलीत. डॉ. हालांनी दुर्बिणीतून खात्री केली आणि सांगितलं, आता काही आठवडे तिकडे कुणीही फिरकायचं नाही. या काळात आई फार बिचकते.

'कुणीही' या शब्दात साधारणपणे अध्यक्ष येत नाहीत.

१० एप्रिल

टीव्हीवाल्यांशी बोललो. पंचविसाव्या तारखेला येतील. मी ओळीसमोर उभा, मागे खार, असं दृश्य सुचवलं. डॉ. हालांना ऐनवेळी सांगू. आनंदाची बातमी आधी सांगितली की तिची मजा जाते.

१९ एप्रिल

आजचं सगळं लिहितो.

सकाळी व्हरांड्यातून दिसलं, मिलहेम शिडी आणि करवत घेऊन कड्यावर चढतोय. थेट त्या ओककडे. मी धावलो. घरातल्या चपलांवर धावलो. इतक्या महिन्यांत मला जे जमलं नव्हतं ते आज आपोआप झालं. त्याच्या आणि झाडाच्या मध्ये जाऊन खोडाला पाठ लावून उभा राहिलो आणि ओरडलो. सगळं भाषण बाहेर आलं, कायदा आधी, आकडे नंतर, भावना शेवटी. आधी मला तोड म्हटलं. पुष्कळ ओरडलो. इतका मोठा आवाज मला आहे हे मला माहीत नव्हतं.

मिलहेम हलला नाही. मी श्वास घ्यायला थांबलो तेव्हा अगदी हळू म्हणाला, "दाजी, हळू बोला. वरची वाळकी फांदी मोडून ढोलीच्या तोंडावर लोंबतेय. पिल्लांवर पडेल. डॉक्टरबाईंनी आणि ताईने उतरवायला सांगितलीय."

त्याच्या हातात मशीन नव्हतं. जुनी हातकरवत होती. आवाज नको म्हणून शिडीच्या पायांना त्याने फडकी बांधली होती.

वर ढोलीतून डोकं बाहेर आलं. फाटका कान. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिला ओळखतो असं मी गावभर सांगत होतो, पण तिने मला आज पहिल्यांदा पाहिलं.

मग ती आत गेली आणि पिल्लू तोंडात धरून बाहेर आली. तिच्या गळ्याभोवती ते मफलरसारखं गुंडाळलेलं होतं. ती फांदीच्या टोकापर्यंत गेली, शेजारच्या ओकवर, तिथून पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. कड्यापलीकडे दिसेनाशी झाली. आम्ही दोघं खाली बसलो. मिलहेमने माझा हात दाबून ठेवला होता, मी उठू नये म्हणून. कितीतरी वेळाने ती रिकामी परत आली. दुसरं पिल्लू. पुन्हा गेली. तोंडात एवढं ओझं असून एकदाही पाय चुकला नाही. पिल्लं किती होती ते मी मोजलं नाही.

शेवटी परत आली नाही. मिलहेम म्हणाला, गेली.

फांदी तशीच लोंबत होती. तो शिडी लावून चढला, फांदी कापून खाली आणली आणि माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, दाजी, ताईला सांगू की वारा सुटला होता.

घरी आलो. नजला म्हणाली, चपला कुठे गेल्या. म्हटलं, वारा फार होता. तिने बाहेर पाहिलं. अंगणातल्या दोरीवर कपडे सरळ लोंबत होते. मसूरचं सूप वाढलं आणि पायातला काटा काढून दिला.

२४ एप्रिल

टीव्हीवाल्यांना कळवलं, येऊ नका.

डॉ. हालांचा फोन. आई आणि पिल्लं सुखरूप. वादी सफसाफच्या झऱ्यामागे एका ओकमध्ये राहायला लागली आहेत. त्रास झाला की जागा बदलतात, म्हणाल्या. आता परत यायची शक्यता कमी. मग विचारलं, कुणी गेलं होतं का तिकडे?

म्हटलं, मी गेलो होतो.

मग त्या म्हणाल्या, ओळ होती म्हणून गेली तरी. रस्त्यावरून नाही गेली.

११ जून

वादी सफसाफच्या नगरपालिकेने झऱ्याभोवतालचं जंगल राखीव केलं. त्यांच्या अध्यक्षांची टीव्हीवर मुलाखत झाली. आज जेवण होतं, आमच्या गावालाही बोलावलं होतं. मी येत नाही म्हणालो. नजला म्हणाली, मी जातेय, मिलहेम गाडी काढतोय, शर्ट इस्त्री केलाय.

झऱ्याकाठी लांब टेबलं मांडली होती. डॉ. हाला चार शब्द बोलल्या. ओळ राखल्याबद्दल त्यांनी नजला आणि मिलहेमचे आभार मानले. मिलहेमला उभं केलं. तो कानापर्यंत लाल झाला आणि माझ्याकडे बघायला लागला. मी टाळ्या वाजवल्या. नजला उभी राहायला तयार नव्हती, बसल्या बसल्याच हात हलवला तिने.

पिल्लं दिसली. चांगली मोठी झाली आहेत. कान सगळ्यांचे नीट आहेत.

तंदूरवर एक म्हातारी झातरचा मसाला लावलेल्या रोट्या भाजत होती. मी तिच्याजवळ उभा राहिलो कारण तिथे सावली होती. तिने विचारलं, कुठले तुम्ही?

म्हटलं, कफर बल्लूतचा.

तिकडे आहेत का खारी?

म्हटलं, एक होती.

आणि तुम्ही काय करता तिकडे?

म्हटलं, काही नाही. रिटायर झालोय.

तिने एक गरम रोटी दुमडून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, बाजूला उभे राहून खा, मागे लाइन लागलीय.